कोलोरॅडोच्या वाट्याचे पाणी आणि आपली अग्रणी : सीमेपलीकडच्या गावांसोबत काय करता येईल?

अग्रणीकाठ (धागालेखक, ता. कवठेमहांकाळ)

नमस्कार मंडळी,

अग्रणी नदीवर आपल्याकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. खानापूर तालुक्यात तामखडीच्या परिसरात उगम पावणारी ही नदी तासगाव आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतून वाहत कर्नाटकात शिरते आणि अथणी तालुक्यात कृष्णेला मिळते. गेल्या दशकात जलबिरादरी ही संस्था, जलसंधारणात काम करणारे राजेंद्र सिंह, जिल्हा प्रशासन आणि काठावरची गावे यांनी मिळून तिच्या पुनरुज्जीवनाचे काम केले, आणि त्या कामाचे मोल आमच्या भागातील प्रत्येक विहीरवाल्याला ठाऊक आहे. आज मला बोलायचे आहे ते पुढच्या टप्प्याविषयी, कारण नदी एक असली तरी तिचा हिशेब दोन राज्ये वेगवेगळा ठेवतात. त्यासाठी उदाहरण दूरचे घेतो.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो नदी सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची आहे. अमेरिकेच्या सात राज्यांचे पाणी घेऊन ती मेक्सिकोत उतरते आणि पूर्वी कॅलिफोर्नियाच्या आखाताला मिळत असे. १९२२ च्या करारात वरच्या आणि खालच्या राज्यांना प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे ३२७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी देण्यात आले. १९४४ च्या तहाने मेक्सिकोला १५ लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे ६५ टीएमसी मिळाले. वाटणीसाठी ज्या वर्षांची मोजणी हाताशी होती, ती वर्षे चांगल्या पाण्याची निघाली. सगळे वाटे मिळून ७२० टीएमसीच्या घरात जातात, आणि या शतकात नदीत सरासरीने साडेपाचशे टीएमसीही येत नाही. मुख्य गोष्ट अशी की या वाटपात खुद्द नदीच्या नावावर काहीच ठेवलेले नव्हते. हूवर आणि ग्लेन कॅन्यन ही धरणे झाली, १९५० मध्ये मेक्सिकोने सीमेवर मोरेलोस बंधारा बांधून आपला वाटा मेक्सिकाली खोऱ्यातील शेतीकडे वळवला, आणि १९८० च्या दशकातील पुरासारखी वर्षे सोडली तर मोरेलोसच्या खाली पात्र कोरडे पडले. सुमारे आठ लाख हेक्टरांवर पसरलेल्या त्रिभुज प्रदेशातील दलदली, झाडी आणि पक्षी यांचा फार थोडा भाग उरला. नदीकाठी मासेमारी करून राहणाऱ्या कुकापा आदिवासींच्या पोटावर पाय आला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये दोन्ही देशांनी १९४४ च्या तहाला जोडून एक निर्णय केला. अशा निर्णयांना तिकडे 'मिनिट' म्हणतात आणि याचा क्रमांक ३१९ आहे. त्यानुसार २३ मार्च ते १८ मे २०१४ या काळात मोरेलोस बंधाऱ्यातून सुमारे १ लाख ५ हजार एकर-फूट, म्हणजे ४.६ टीएमसी पाणी केवळ नदीसाठी सोडण्यात आले. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी आहे हे लक्षात घेतले, तर हे पाणी किती थोडे होते ते कळेल. तरीही १५ मे रोजी नदीचे पाणी समुद्राच्या भरतीच्या पाण्याला जाऊन भिडले. सान लुईस रिओ कोलोराडो या शहराच्या नावातच नदी आहे, पण तेथील लहान मुलांनी ती वाहताना त्या वसंतात पहिल्यांदा पाहिली आणि अख्खे शहर पात्रात उतरले.

पाहणी करणाऱ्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या. पाणी पोहोचलेल्या पट्ट्यात हिरवाई त्या वर्षी आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे १७ टक्क्यांनी वाढली, आणि पाणी थांबल्यावर पुढील वर्षांत पुन्हा उतरत गेली. दुसरे म्हणजे, बहुतेक पाणी बंधाऱ्याखालच्या कोरड्या, खोल भूजलाच्या पट्ट्यातच जिरले. यावरून शिकून सप्टेंबर २०१७ मध्ये मिनिट ३२३ झाले. त्यात २०२६ पर्यंतच्या काळासाठी २ लाख १० हजार एकर-फूट, म्हणजे सुमारे ९ टीएमसी पाणी नदीसाठी ठरले; त्याचा एक-तृतीयांश अमेरिकेने, एक-तृतीयांश मेक्सिकोने आणि एक-तृतीयांश स्वयंसेवी संस्थांनी द्यायचा होता. २०२१ मध्ये मे ते ऑक्टोबर या काळात पाणी सोडताना त्यातील बरेचसे शेतीच्या कालव्यांतून नेऊन कोरड्या पट्ट्याच्या खाली, जेथे झाडे लावलेली होती आणि भूजल वर होते, तेथे नदीत उतरवले.

मला यातून एकच गोष्ट मांडायची आहे. नदीचा वाटा कागदावर नदीच्या नावाने लिहिला गेला पाहिजे, तो दोन्हीकडच्यांनी आपापल्या वाट्यातून दिला पाहिजे, आणि तो कोठे व कधी सोडायचा हे दरवर्षी एकत्र बसून ठरवले पाहिजे. अग्रणीसाठी हे आंतरराज्य पाणीवाटपाच्या लवादाच्या पातळीवर नव्हे, तर बरग्यांच्या, म्हणजे बंधाऱ्यात पाणी अडवण्यासाठी घालायच्या फळ्यांच्या पातळीवर सुरू करता येईल. आमच्या खालच्या अंगाला जे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, त्यांत पावसाळा सरता सरता बरगे घातले जातात. पहिल्या बंधाऱ्याच्या गावाने बरगे लवकर घातले की परतीच्या पावसाचे पाणी तेथेच अडते, आणि खालची गावे आपले बरगे घालून रिकाम्या पात्राकडे पाहत बसतात. उन्हाळ्यात बरगे काढताना उलटे होते: कोणीतरी रात्री दोन-तीन दळे (बंधाऱ्याचे गाळे) मोकळे करतो, पाणी येते, पण कोणालाच त्याचा नेमका उपयोग होत नाही. या एका गोष्टीवर सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांनी लेखी वेळापत्रक केले, तर ते आपले पहिले 'मिनिट' होईल. जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त_उपअभियंता (सांगली)

धागा वेळेवर काढलात. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेले असल्याने मला यातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो यंत्रणेचा. दोन देशांतील जो आयोग हे काम पाहतो, त्याची मुळे १८८९ पर्यंत जातात. त्याचे दोन विभाग आहेत, एक अमेरिकेचा आणि एक मेक्सिकोचा, आणि १९४४ च्या तहातच अशी अट आहे की दोन्ही विभागांचे प्रमुख अभियंते असले पाहिजेत. सरकारे बदलतात, भांडणे होतात, पण पाण्याची मोजणी करणारी माणसे दोन्हीकडे तीच राहतात आणि एकमेकांचे आकडे मान्य करतात. तह उघडायचा नाही, कारण तो उघडला की प्रत्येक जण आपला जुना हक्क घेऊन उभा राहतो. तहाला एकेक निर्णय जोडत जायचे, आणि तोही ठरावीक मुदतीचा. पाच वर्षांनी चुकले असे वाटले तर सुधारता येते, म्हणून सही करणाऱ्याचा हात आखडत नाही.

हा विश्वास सहज आलेला नाही, हेही लिहिले पाहिजे. १९६१ च्या सुमारास ॲरिझोनातील वेल्टन-मोहॉक भागातील शेतीतून निचरा होणारे अतिशय खारे पाणी नदीत सोडले जाऊ लागले आणि मेक्सिकाली खोऱ्यातील पिकांचे मोठे नुकसान झाले. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी पाहिलेल्या आपल्या लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. तो वाद मिटायला १९७३ चे मिनिट २४२ यावे लागले. खारे पाणी नदीत न टाकता वेगळ्या चरीने खाली नेऊन सोडण्यात आले, आणि ते जेथे साचले तेथे सिएनेगा दे सांता क्लारा नावाची हजारो हेक्टरांची पाणथळ तयार झाली. आज तेथे युमा क्लॅपर रेल हा पाणकोंबडीच्या कुळातील दुर्मीळ पक्षी मोठ्या संख्येने राहतो.

दुसरा प्रसंग ४ एप्रिल २०१० चा. ७.२ रिश्टरच्या भूकंपाने मेक्सिकालीचे कालवे फुटले आणि मेक्सिकोला आपल्या वाट्याचे पाणी घेता येईना. तेव्हा अमेरिकेने ते पाणी हूवर धरणाच्या जलाशयात मेक्सिकोच्या नावे साठवून ठेवण्याची मुभा दिली. एका देशाचे पाणी दुसऱ्याच्या धरणात जमा म्हणून राहते, हे एकदा जमल्यावर पुढचे मिनिट ३१९ सोपे झाले.

आपल्याकडे कृष्णेच्या पाणीवाटपात बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी दिले. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये किमान प्रवाहासाठी थोडे पाणी वेगळे धरले, पण तो निवाडा न्यायालयीन वादामुळे अजून अधिसूचित झालेला नाही. मात्र २०१९ च्या महापुरानंतर अलमट्टी आणि कोयनेच्या विसर्गाबाबत दोन्ही राज्यांचे अभियंते एकमेकांना माहिती देऊ लागले, आणि जून २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्याचे जयंत पाटील जलसंपदा मंत्री म्हणून बंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुराप्पा यांना याच कामासाठी भेटले. पुराच्या पाण्यासाठी जो फोन उचलला जातो, तो टंचाईच्या पाण्यासाठीही उचलला जावा, एवढीच अपेक्षा आहे. अग्रणी, जतची बोर यांसारख्या लहान नद्यांसाठी असे नियमित बसणारे कोणीही नाही, आणि तेथेच काम करायला जागा आहे.

जतपूर्व

दोन्ही लेखन वाचले. माहिती चांगली आहे, पण आमच्या भागातून पाहिले तर प्रश्न वेगळा दिसतो. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसांना आणि जनावरांना टँकरने पाणी येते, आणि तुम्ही नदीच्या नावावर पाणी लिहा म्हणता. नोव्हेंबर २०२२ मध्ये जतच्या गावांवर कर्नाटकाने हक्क सांगितल्यावरून दोन राज्यांत केवढे वादळ उठले ते सर्वांना आठवत असेल. त्यानंतर कर्नाटकाने आपल्या तुबची-बबलेश्वर उपसा योजनेतून आमच्या पूर्व भागातील तलावांत पाणी सोडले, आणि आमच्या लोकांनी ते पाहायला गर्दी केली. ते पाणी सहकार्यातून आले की राजकारणातून, याची चौकशी तहानलेल्या माणसाने कशाला करावी? मला इतकेच सांगायचे आहे की आधी पिण्याचे पाणी, मग बाग, आणि नदीचे नाव त्यानंतर.

अग्रणीकाठ

जतपूर्व दादा, तुमचा क्रम मला मान्य आहे आणि पिण्याच्या पाण्याला हात लावण्याची कल्पनाही माझ्या मनात नाही. माझे म्हणणे असे आहे की पात्रात जिरणारे पाणी हेच आमच्या गावांचे पिण्याचे पाणी आहे, कारण नळयोजनेच्या विहिरी पात्रालगत खोदलेल्या आहेत. नदी फेब्रुवारीपर्यंत ओली राहिली तर त्या विहिरी मेपर्यंत टिकतात, आणि डिसेंबरात आटली तर मार्चमध्ये टँकरचा प्रस्ताव तहसील कार्यालयात जातो. तुबची-बबलेश्वरचे पाणी तुम्हाला एका वादामुळे मिळाले. ते दरवर्षी, वाद न होता, ठरलेल्या तारखेला मिळावे यासाठीच कागद लागतो. कोयनेतून उन्हाळ्यात कर्नाटक पाणी मागते, ते वेळोवेळी कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून खाली जाते, आणि त्याच्या बदल्यात सीमाभागातील आपल्या तलावांना तिकडून पाणी द्यावे ही चर्चा अनेक वर्षे दोन्हीकडच्या मंत्र्यांत होत आली आहे. देवाणघेवाण प्रत्यक्षात होतेच आहे, फक्त ती दरवर्षी नव्याने विनवणी करून होते.

अथणी_गुरुजी

मी सीमेपलीकडे, अथणी तालुक्यातील शाळेत शिकवतो. घरात मराठी, गावात कन्नड आणि बाजार कवठेमहांकाळचा, असे आमचे जगणे आहे. या धाग्यावर आमच्या बाजूचे कोणी बोललेले नाही म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वरच्या अंगाला पुनरुज्जीवनाचे काम झाले तेव्हा आम्हीही आनंदाने पाहायला आलो होतो. पण त्यानंतरच्या मध्यम पावसाच्या वर्षांत आमच्याकडे पहिले पाणी उशिरा येऊ लागले, असे आमच्या गावातील जुन्या माणसांचे म्हणणे आहे. याचा दोष मी कोणाला देत नाही. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आम्हालाही पटते आणि आमच्याकडेही चेकडॅम झाले आहेत. तरीही वरच्या गावाने अडवलेले पाणी हे खालच्या गावाला न मिळालेले पाणी असू शकते, हे जलसंधारणाच्या आपल्या भाषणांत कोणी बोलत नाही. चांगल्या पावसात दोघांनाही पुरते, अतिशय कमी पावसात दोघांनाही मिळत नाही. भांडण होते ते मधल्या वर्षांत, आणि आपल्या भागात मधली वर्षेच जास्त येतात.

दुसरे असे की आमच्या ग्रामपंचायतीला तुमच्या ग्रामपंचायतीशी अधिकृतपणे बोलण्याचा मार्गच नाही. आमचे पत्र तालुक्याला, तेथून बेळगावला, तेथून बंगळुरूला, मग मुंबईला आणि तेथून सांगलीला जाणार. लग्नकार्याला मात्र आम्ही एका तासात येतो. त्यामुळे बरग्यांच्या वेळापत्रकाची कल्पना मला आवडली. त्यासाठी कोणाची सही लागेल आणि ती कोणावर बंधनकारक राहील, हे आधी स्पष्ट व्हावे.

निवृत्त_उपअभियंता (सांगली)

गुरुजींनी अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. कोलोरॅडोवर याच प्रकारचा एक वाद झाला होता. ऑल-अमेरिकन कालवा हा सीमेला लागून जाणारा मातीचा कालवा होता आणि त्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर मेक्सिकोच्या बाजूच्या विहिरी चालत असत. अमेरिकेने सुमारे ३७ किलोमीटर लांबीत काँक्रीटचे अस्तर केले आणि वर्षाला सुमारे ३ टीएमसी पाणी वाचवले. मेक्सिकोचा विरोध असतानाही २००६ नंतर ते काम पूर्ण झाले. अमेरिकेच्या कागदावर ती बचत होती, आणि पलीकडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याची विहीर आटली होती. तहात भूजलाची वाटणी नसल्यामुळे त्याला दाद मिळाली नाही.

म्हणूनच मला वाटते की अग्रणीबाबत जो काही कागद होईल त्यात विहिरींची पातळी आली पाहिजे. नुसते पात्रातील पाणी मोजून चालणार नाही. मान्सूनपूर्व आणि मान्सूननंतर अशी वर्षातून दोनदा, दोन्ही राज्यांतील ठरलेल्या विहिरींत एकाच आठवड्यात टेप सोडून पातळी घ्यायची आणि ती एकाच वहीत लिहायची. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेतच. त्यांना गावांच्या विहिरींची जोड द्यायची.

द्राक्षबाग_तासगाव

सर्वांना नमस्कार. चर्चेत पाणी द्यायचे असे सगळेच म्हणत आहेत, पण द्यायचे कोणी यावर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. आमच्या बागा ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांमुळे उभ्या राहिल्या. कृष्णेचे पाणी कित्येक टप्पे उचलून आणायचे म्हणजे विजेचे बिल आले, आणि त्या बिलातील ८१ टक्के शासनाने व १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचे असे धोरण ठरेपर्यंत या योजना बिलापायी कितीदा बंद पडल्या ते आम्ही भोगले आहे. असे महागाचे पाणी कोरड्या पात्रात सोडून जिरवायचे म्हटले की शेतकरी पहिला प्रश्न विचारणार की पाणीपट्टी कोण भरणार.

कोलोरॅडोच्या स्वयंसेवी संस्थांनी आपला एक-तृतीयांश वाटा कसा आणला, ते धाग्यात आलेले नाही. त्यांनी एक जलन्यास स्थापन करून मेक्सिकाली खोऱ्यातील इच्छुक शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत किंवा भाड्याने घेतले, ही माहिती मी वाचली आहे. आपल्याकडे हे नको, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याचा हक्क विकता येतो असे एकदा झाले, की नदीसाठी विकत घेणारा एक येईल आणि कारखान्यासाठी घेणारे दहा येतील. त्यापेक्षा पाणी वापर संस्थांनी हंगामाच्या शेवटच्या आवर्तनातील (पाणी सोडण्याच्या फेरीतील) थोडा भाग स्वखुशीने सोडावा आणि तेवढी पाणीपट्टी जिल्हा परिषदेने किंवा शासनाने भरावी. आमच्या संस्थेत मी हा विषय मांडायला तयार आहे, पण माझी एक अट आहे: सोडलेले पाणी मधल्या मोटारींनी उचलले जाता कामा नये. पात्रात पाणी दिसले की काठावर रातोरात मोटारी उतरतात, हे आपण सर्व जण जाणतो.

माणदेशी_वैशाली (आटपाडी)

द्राक्षबाग दादांच्या अटीशी मी सहमत आहे आणि त्याला आमच्या माणगंगेचा अनुभव जोडते. माणगंगा साताऱ्यातील माण तालुक्यात उगम पावते, दहिवडी-म्हसवडवरून आमच्या आटपाडीत येते आणि सोलापुरात सांगोल्याकडून जाऊन भीमेला मिळते. राज्य एकच असले तरी जिल्हे तीन आहेत, आणि जिल्ह्याची हद्दसुद्धा नदीला पुरेशी जड जाते. एका जिल्ह्यात वाळूउपसा बंद झाला की ट्रॅक्टर दुसऱ्या जिल्ह्याच्या पात्रात उतरतात. वाळू गेली की पाणी धरून ठेवणारा थर गेला, आणि खाली उघड्या पडलेल्या मुरमावरून आलेले पाणी दोन दिवसांत पुढे निघून जाते. आमच्या लहानपणी वाळूत हातभर झिरा उकरला की पाणी लागत असे. आता त्या जागी खडक दिसतो. तेव्हा नदीच्या वाट्याबरोबर नदीच्या वाळूचाही विचार त्या कागदात झाला पाहिजे, नाहीतर सोडलेले पाणी थांबणार कशावर?

आणखी एक. आमच्या भागात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी चळवळ उभी राहिली, आटपाडीला पाणी परिषदा भरल्या आणि समन्यायी पाणीवाटपाचा आग्रह धरला गेला. जमीन कमी असो वा जास्त, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क आहे, हे तेथे मांडले गेले. त्या वेळी अनेकांना ते अशक्य वाटले होते. नदीलाही एक कुटुंब मानून तिचा वाटा धरावा, ही मागणी त्याच रांगेत बसते.

पात्रातील वेडी बाभूळ काढण्याचाही विषय कोणीतरी घ्यावा. ती काढून तेथे करंज, जांभूळ, वाळुंज लावले तर काठ धरून राहील.

विटेकर_ॲरिझोना

मी मूळचा विट्याचा, नोकरीमुळे ॲरिझोनात राहतो. सान लुईस रिओ कोलोराडोचा पूल मी पाहिलेला आहे. पुलाखाली पाण्याऐवजी पिवळी, बारीक वाळू आहे आणि तिच्यावर गाड्यांच्या चाकांचे ठसे आहेत. रविवारी लोक पात्रात गाड्या फिरवतात. वैशालीताईंनी वेड्या बाभळीचा उल्लेख केला म्हणून सांगतो. तेथेही काठ एका परक्या झुडपाने, टॅमॅरिस्कने, व्यापला आहे आणि ते उपटून त्या जागी कॉटनवूड, विलो आणि मेस्किट लावतात. गंमत अशी नाही तर शिकण्यासारखी गोष्ट अशी आहे की मेस्किट आणि आपली वेडी बाभूळ एकाच कुळातील आहेत. जेथले झाड तेथे ते नदी धरून ठेवते.

त्रिभुज प्रदेशातील लागुना ग्रांदे नावाच्या जागी गेल्यावर फरक दिसतो. रोपवाटिकेत वाढवलेली रोपे ओळीने लावलेली आहेत, त्यांना सुरुवातीची वर्षे चारीने पाणी देतात, आणि मुळे भूजलापर्यंत पोहोचली की पाणी कमी करतात. काम करणारे बहुतेक स्थानिक मेक्सिकन स्त्री-पुरुष आहेत आणि त्यांना मजुरी मिळते. मला वाटते, गावांनी ते काम आपले मानले त्याचे कारण पाण्याच्या आकड्यांपेक्षा ही मजुरीच असावी.

जतपूर्व

मजुरीचा मुद्दा मला पटला. रोजगार हमीतून दोन्ही राज्यांत हे करता येईल, कारण ती योजना दोन्हीकडे आहे.

अग्रणीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आलेल्या सूचनांवरून एक कच्चा मसुदा माझ्या मनात तयार झाला आहे, तो येथे मांडतो म्हणजे त्यावर सुधारणा करता येतील.

गुरुजींच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. दोन राज्यांतील ग्रामपंचायतींनी एकमेकींशी करार करण्याचा प्रयत्न केला तर तो कायद्याच्या कात्रीत सापडेल. त्याऐवजी दोन्हीकडच्या ग्रामसभांनी एकाच मजकुराचे, पण आपापल्या नावाचे स्वतंत्र ठराव करावेत. आपल्या हद्दीतील बंधाऱ्याचे बरगे कधी घालायचे आणि कधी काढायचे, हे ठरवण्याबाबत ग्रामसभेने मत देण्यात कोणालाही अडचण नसावी, आणि बंधारा ज्या खात्याचा असेल त्या खात्याला ठरावाची प्रत जावी. मुदत दोन वर्षांची ठेवावी. उपअभियंता साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मुदत असली की सही करणारा घाबरत नाही.

वेळापत्रकाचा गाभा असा असावा की परतीच्या पावसात वरच्या बंधाऱ्याने सर्व दळे एकदम बंद करू नयेत. खालच्या थराचे बरगे आधी घालावेत आणि वरचे थर खालच्या बंधाऱ्यात पाणी पोहोचल्याचा निरोप आल्यावर घालावेत. यात वरच्या गावाचे फारसे नुकसान नाही, कारण पात्र ओले झाल्यावर मागून येणारे पाणी त्यालाच मिळते. खूप कमी पावसाच्या वर्षी काय करायचे ते मात्र आधीच लिहून ठेवावे. मिनिट ३१९ आणि ३२३ मध्ये टंचाई आली तर दोन्ही देशांनी आपापला वाटा किती कमी करायचा, हे धरणाच्या पाणीपातळीशी जोडून आधीच ठरवलेले आहे. आपल्याकडे ते ठरलेल्या चार विहिरींच्या पातळीशी जोडता येईल. मोटारींबाबत द्राक्षबाग दादांची अट मसुद्यात घालतो: नदीसाठी पाणी सोडलेल्या दिवसांत पात्रातून उपसा बंद, आणि देखरेख वरच्या गावावर खालच्या गावाच्या व खालच्या गावावर वरच्या गावाच्या माणसांची.

वाळू आणि वेडी बाभूळ यांचा विचार पहिल्या दोन वर्षांत फक्त एकाच पट्ट्यापुरता करावा असे मला वाटते. २०१४ मध्ये कोलोरॅडोचे बरेच पाणी कोरड्या पट्ट्यात जिरले आणि २०२१ मध्ये निवडक जागी उतरवले तेव्हा झाडांना मिळाले, हा अनुभव समोर असताना आपण उगमापासून संगमापर्यंत सगळीकडे थोडे थोडे करत बसू नये. सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळून एक पट्टा निवडावा, जेथे वाळू शिल्लक आहे आणि नळयोजनेच्या विहिरी जवळ आहेत.

अथणी_गुरुजी

मसुद्याचे कन्नड भाषांतर मी करतो, म्हणजे दोन्ही ग्रामसभांत एकच मजकूर वाचला जाईल. आमच्या बाजूचा पट्टाही सुचवतो: संगमाच्या फार जवळ नको, कारण तेथे कृष्णेच्या पाण्याचा फुगवटा येतो आणि अग्रणीचे पाणी वाढले की कृष्णेचे, हे कळणार नाही. सीमेपासून खाली पहिल्या दोन बंधाऱ्यांपर्यंतचा भाग घ्यावा. विहिरींची पातळी घेण्यासाठी आमच्या शाळेतील मोठ्या वर्गांची मुले येतील. दगड बांधलेला टेप सोडून वाचन घेणे त्यांना एका दुपारी शिकवता येईल, फक्त विहिरीचा काठ कोणत्या खुणेपासून मोजायचा ती खूण रंगाने पक्की करून द्यावी, नाहीतर प्रत्येक मोजणारा वेगळा आकडा आणेल.

निवृत्त_उपअभियंता (सांगली)

खूण करून देण्याचे आणि नोंदवहीचा नमुना तयार करण्याचे काम माझ्याकडे द्या. नमुन्यात विहिरीचे नाव, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर, त्या दिवशी पंप चालू होता की बंद आणि शेवटचा पाऊस कधी झाला, एवढेच रकाने ठेवतो. जास्त रकाने ठेवले की वही भरली जात नाही, हा खात्यातील अनुभव आहे.

जतपूर्व

त्या वहीत आणखी एक रकाना घाला: त्या गावात या वर्षी टँकर कोणत्या आठवड्यात सुरू झाला. अग्रणीकाठच्या गावांत तो उशिरा सुरू होऊ लागला असे दोन वर्षांत दिसले, तर बोर नदीसाठी हाच कागद घेऊन आम्ही विजयपूरच्या बाजूच्या गावांकडे जाऊ. ते दिसले नाही, तर तेही तितक्याच स्पष्टपणे या धाग्यावर लिहावे, एवढी विनंती आहे.